वाकड्या दरवाज्यातलं उत्तर

१

वाकडा दरवाजा मुळीच वाकडा नाही. त्याची कमान सरळ आहे, दोन्ही बाजूंचे बुरूजही सरळ आहेत. वाकडी आहे ती आतली वाट. बाहेरच्या कमानीतून शिरलं की समोर भिंतच येते. मग उजवीकडे वळायचं, अंधारातून थोडं पुढे जायचं, पुन्हा डावीकडे वळायचं, की मग शहर. शत्रूच्या हत्तींना धावत येऊन धडक मारता येऊ नये म्हणून अशी वाट आखली, असं बाहेरच्या पाटीवर लिहिलं आहे. कोणी हा दरवाजा निजामशाहीतला सांगतं, कोणी मोगलांच्या काळातला. हत्ती आता येत नाहीत. रिक्षा येतात, दुचाक्या येतात, पाण्याचे टँकर येतात. त्यांनाही धावत येता येत नाही, म्हणजे वाट आखणाऱ्याची अक्कल अजून कामी येतेच आहे.

वाट एका गाडीपुरती, आणि पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून या दरवाज्याचा एक कायदा आहे. कमानीशी थांबायचं, एक हॉर्न द्यायचा आणि कान देऊन ऐकायचं. आतून हॉर्नचं उत्तर आलं तर समजायचं की कोणीतरी आधीच आत शिरलंय. आपली गाडी मागे घ्यायची आणि त्याला बाहेर पडू द्यायचं. उत्तर नाही आलं तर खुशाल आत घालायची. हा कायदा कुठे लिहिलेला नाही. तिथे पोलीस नसतो, सिग्नल नाही. तरी उत्तर आल्यावर जो मागे सरत नाही, त्याला त्या भागात कोणी माणसात धरत नाहीत.

दीपमाला हा कायदा पाळत आली होती. माहेर कन्नड गावाकडचं, शेतकऱ्याचं, लग्नानंतर दरवाज्याबाहेरच्या उस्मानपुऱ्यात. शाळेच्या पोरांची रिक्षा चालवायची. शाळा दरवाज्याच्या आत, जुन्या शहरात. स्वभाव कडक, तोंड फटकळ. पोरं तिला घाबरत आणि तिच्याच रिक्षात बसायला भांडत. तिच्या रिक्षाच्या हॉर्नला एक खोड होती. बटण सोडलं की आवाज संपता संपता उचकी लागल्यासारखा तुटायचा. नवरा सत्यम वाळूजच्या कंपनीत कामाला; तो दर रविवारी हॉर्न दुरुस्त करायचं म्हणायचा आणि दर रविवारी झोपायचा.

त्या गुरुवारी तिने नेहमीसारखा हॉर्न दिला. उत्तर आलं नाही. बाकीची पोरं सुट्टीवर होती, गावात कसलंसं लग्न होतं; रिक्षात तेवढी तिची मोनिका, तिसरीतली, आपल्या ठरलेल्या डाव्या कडेच्या जागेवर. दीपमालाने रिक्षा आत घातली, वळणावर आली, आणि समोर टँकरचं तोंड. हॉर्न नाही, ब्रेक नाही. तिचा हात रिव्हर्सच्या दांडीवर कधी गेला हे तिला आजही सांगता येणार नाही. रिक्षा तशीच मागे मागे कमानीबाहेर आली आणि टँकर तिच्या डाव्या अंगाला जवळजवळ घासून निघून गेला.

मग ती पळत टँकरमागे गेली आणि चौकात त्याला गाठून त्या ड्रायव्हरचा असा काही उद्धार केला की, बाजूचे भाजीवाले हातातलं माप धरून ऐकत राहिले. परत आली तर मोनिका आपल्या जागेवर गुपचूप बसलेली.

"लागलं का गं कुठं?"

"नाय."

"मग तोंड कशाला असं केलंस? दप्तर नीट धर. पडलं असतं आत्ता."

झालं ते एवढंच.

२

दुसऱ्या दिवशी रिक्षा भरलेली होती. दीपमालाने कमानीशी थांबून हॉर्न दिला आणि आतून उत्तर आलं.

तिने रिक्षा मागे घेतली. मागच्या दुचाकीवाल्यालाही हाताने मागे सार म्हणाली. सगळे थांबले. आतून कोणीच येईना. कमानीत कबुतरं घुमत होती, तेवढाच आवाज. मागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले. कमानीच्या पायथ्याशी फकिराची चहाची टपरी आहे. तो गाळणं हातात घेऊन बाहेर आला.

"दीपाताई, काय झालं? निघंना का कोणी?"

"आत हाय ना कोणीतरी. हॉर्न आला."

"बंद पडली असंल गाडी. बगून येऊ?"

तो वळणापर्यंत जाऊन आला. "कोणी नाय," म्हणाला. "मोकळीच हाय वाट."

दीपमालाने रिक्षा आत घातली. वाट खरंच मोकळी होती. वळणावरच्या दोन्ही देवड्या, जिथे पूर्वी पहारेकरी बसत, त्याही रिकाम्या. तिने पोरांना शाळेत सोडलं. परत निघताना तिच्या ध्यानात आलं की आतून आलेल्या त्या हॉर्नला शेवटी उचकी लागली होती.

३

पुढे रोज तेच. तिने हॉर्न दिला की उत्तर यायचं, ती मागे सरायची, कोणी बाहेर यायचं नाही. मग आत शिरावं तर वाट मोकळी. एके दिवशी पोरांना सोडून आल्यावर ती मुद्दाम टपरीवर चहा घेत बसली आणि बघत राहिली. रिक्षा आल्या, टेम्पो आला, लग्नाचं सामान लादलेली गाडी आली. सगळ्यांनी हॉर्न दिले. एकालाही खोटं उत्तर मिळालं नाही. दरवाजा उत्तर देत होता तो फक्त तिला.

तिने सत्यमला सांगितलं. सत्यम हसला. तो मशीनवरचा माणूस, प्रत्येक आवाजाला कारण असतं असं मानणारा.

"अगं, महापालिकेनं आतून चुन्याचा नवा गिलावा केलाय ना? आधी दगड खडबडीत होते, आवाज गिळायचे. आता भिंती गुळगुळीत. तुझाच हॉर्न वळणावर आपटून माघारी येतोय."

"मग बाकीच्यांचा का येत नाय?"

"तुझा हॉर्नच तसला हाय. फाटका."

दीपमालाला हे पटलं. पटवून घ्यायची गरज असली की माणसाला बरंच काही पटतं. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली. सकाळी डबे भरताना स्वतःशीच हसली आणि कमानीशी येईपर्यंत तिचा मूड इतका बरा होता की मोनिकाने वेणीची रिबीन सोडून टाकली होती, तरी ती ओरडली नाही.

कमानीशी तिने रिक्षा थांबवली. अंगठा बटणाकडे नेला.

आतून हॉर्न वाजला. लांब, आणि शेवटी तुटका.

तिचा अंगठा अजून बटणावर टेकलाही नव्हता. फेकलेला चेंडू भिंतीवर आपटून परत येतो हे तिलाही कळत होतं. फेकायच्या आधी परत येणाऱ्या चेंडूचं काय करायचं, हे मात्र सत्यमने सांगितलं नव्हतं.

तिने रिक्षा मागे घेतली. कायदा म्हणजे कायदा. पण कमानीसमोर थांबलेली असताना तिला पहिल्यांदाच वाटलं, आपण ज्याला वाट देतोय ते रोज थोडं थोडं पुढे येतंय. काल हॉर्न वळणापलीकडून आला होता. आजचा अलीकडून होता.

४

त्यानंतरच्या सोमवारी ती अशीच थांबली असताना मोनिका रिक्षातून उतरली.

दीपमाला आरशात बघत मागच्या टेम्पोवाल्याला हातवारे करत होती. वळून पाहिलं तर मोनिका दप्तर रिक्षाच्या हुकालाच लटकतं ठेवून कमानीकडे चालली होती. पळत नव्हती. शाळा सुटल्यावर घराकडे चालतात तशी, डोळ्यांत झोप असल्यासारखी, सावकाश. कमानीच्या सावलीत तिचं एक पाऊल गेलं होतं.

दीपमालाने झेप घेऊन तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट की पोरगी कळवळली.

"कुठं निघालीस? कोणी सांगितलं तुला उतरायला?"

मोनिकाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग कमानीत पाहिलं आणि पुन्हा तिच्याकडे.

"तूच बोलावलं ना," ती म्हणाली. "आतून."

दीपमालाने मोनिकाला उचलून रिक्षात बसवलं, आपल्या शेजारी, पुढे. हँडल दोन्ही मुठींनी धरलं. पोरांचे कान वाजतात, तिने स्वतःला सांगितलं. सकाळी काही न खाता निघते, चक्कर येते. तेवढ्यात फकिरा टपरीतून म्हणाला,

"ताई, असं करू नका लेकराला. आधी म्हणायचं ये बाळा, आन आली की धरून आपटायचं."

"मी कवा म्हणले?"

"आत्ता की. मी ऐकलं ना. लई मायेनं बोलावलं तुम्ही." मग त्याने दीपमालाकडे नीट पाहिलं आणि कमानीकडे पाहिलं. उकळणारा चहा उतू जाऊन स्टोव्हवर सांडला तरी तो तसाच उभा होता.

५

दीपमालाने वाट बदलली. आता यात तिचं काय चुकलं ते सांगा. घर धोक्यात असलं की माणूस आधी दार बदलतो, मग भांडतो. दुसऱ्या बाजूने शाळेला जाणारा रस्ता पाइपलाइनसाठी खोदलेला. तिथून पोरांना घेऊन जायचं म्हणजे धूळ, चिखल आणि रोजचा उशीर. शाळेच्या बाईंनी दोनदा बोलून दाखवलं. एका पोराच्या आईने दुसरी रिक्षा बघते म्हणून सांगितलं. दीपमालाने सगळं ऐकून घेतलं, आणि तिला ओळखणाऱ्यांना तेवढ्यानेच काळजी वाटायला लागली. ऐकून घेणाऱ्यातली ती नव्हे.

घरी मोनिका नेहमीसारखी होती. खेळायची, भांडायची, पाढे म्हणताना सातावर अडायची. फक्त मधूनच मान वर करून ऐकल्यासारखं करायची.

"काय गं?"

"काय नाय. हॉर्न."

उस्मानपुऱ्यातल्या त्या गल्लीत दिवसभर हॉर्नच वाजतात. दीपमाला स्वतःला तसंच सांगायची.

मग शुक्रवारी दुपारी शाळेतून फोन आला. मधल्या सुट्टीत मोनिका दप्तर पाठीला लावून फाटकातून बाहेर पडली होती. शाळेपासून वाकडा दरवाजा म्हणजे आतल्या बाजूने हाकेच्या अंतरावर. शिपायाने तिला गाठलं तेव्हा ती आतल्या कमानीच्या उंबऱ्याशी उभी होती, आणि अंधारात बघून बोलत होती. "थांब ना, चप्पल निघाली," असं काहीतरी. शिपाई म्हणाला, विचारलं तर सांगते, मम्मी आली न्यायला, रिक्षाचा हॉर्न वाजला.

त्या वेळी दीपमाला उस्मानपुऱ्यात कपडे वाळत घालत होती.

फोन ठेवल्यावर ती खूप वेळ मोनिकाच्या ओल्या फ्रॉककडे बघत बसली. भीती तर होतीच. पण भीतीच्या खालून दुसरं काहीतरी वर येत होतं, आणि ते तिला ओळखीचं होतं. टँकरमागे पळत सुटली होती तेव्हा आलं होतं तेच.

६

"शाळा बदलू," सत्यम म्हणाला. आता तो हसत नव्हता. गिलाव्याचं नावही काढत नव्हता. "वर्ष वाया गेलं तर जाऊ दे. इकडंच कुठं तरी घालू."

"आन मग?"

"मग काय?"

"आज शाळा सोडायची. उद्या तो हॉर्न इथं गल्लीत आला की उस्मानपुरा सोडायचा. मग कुठं जायचं, कन्नडला? तिथं आला की?"

"दीपा, हे काय भांडणानं मिटणारं हाय का? खुलताबादला जाऊन येऊ. नारळ फोडू, चादर चढवू, तू म्हणशील ते करू."

"तुम्ही करा. मी नाय म्हणत नाय." तिने मोनिकाच्या अंगावर पांघरूण सारखं केलं. "पण मला एक सांगा. इतके दिवस मी काय करत आले? तिनं हॉर्न दिला की मी मागं सरते. रोज. तिला वाटतंय, ही बाई सरतेच. म्हणून ती येतीय."

"ती? ती कोण?"

'ती' हा शब्द दीपमालाच्या तोंडून आपसूक निघाला होता. कोण ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं असंही म्हणता येत नव्हतं.

"मी नाय सरणार," ती म्हणाली. "परवा रविवार हाय. पोरं नसतात. तुम्ही मोनाला घेऊन फकिराभाऊच्या टपरीवर बसा आन तिचा हात सोडू नका. तेवढं करा."

"तिला घरी ठेवू की."

"घरून निघून गेली तर कुठं शोधायची? डोळ्यांसमोर असू दे."

सत्यमने उठून दाराला आतून कडी घातली.

७

रविवारी सकाळी दरवाजा शांत होता. दुकानं उघडायची होती. फकिराने टपरीसमोर पाणी मारलं होतं. सत्यम बाकड्यावर बसला, मोनिकाचा हात आपल्या हातात घट्ट धरून. फकिराने तिच्यापुढे बिस्किटाचा पुडा ठेवला.

दीपमाला रिकामी रिक्षा घेऊन कमानीशी आली. थांबली नाही. हॉर्न दिला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कायदा मोडून ती सरळ आत शिरली आणि वळणावर रिक्षा उभी केली. इंजिन चालू ठेवलं.

आत गार होतं. नव्या चुन्याचा आणि जुन्या वटवाघळांचा वास एकत्र येत होता. वळणापलीकडे अंधार. त्या पलीकडे आतल्या कमानीतून एरवी शहराचा उजेड दिसायचा, आज तो दिसत नव्हता. वाट मधेच कोणीतरी अडवली होती.

हॉर्न वाजला. इतक्या जवळून की तिच्या रिक्षाची काच थरथरली. लांब, आणि शेवटी उचकी.

तिचा हात रिव्हर्सच्या दांडीकडे गेला. तिने नेला नव्हता, सवयीने गेला. तिने तो उचलून हँडलवर ठेवला.

"नाय," ती म्हणाली.

समोरच्या भिंतीवर पिवळा उजेड पडला आणि सरकत सरकत वळणाशी आला. आधी पुढचं चाक दिसलं. मग हेडलाइट, मग तडे गेलेली काच. रिक्षाचं डावं अंग आत दबलेलं होतं, पत्र्याचा चुरगळलेला कागद झाला होता. डावीकडच्या हुकाला एकच दप्तर लटकत होतं, आणि ते दप्तर तिने तासाभरापूर्वी घरी खुंटीला टांगलेलं पाहिलं होतं. मागची सीट रिकामी होती. हँडलमागे दीपमालासारखाच खाकी शर्ट घातलेली एक बाई बसली होती, तिचं तोंड उजेडामागे होतं. दीपमालाने ते बघायचा प्रयत्न केला नाही. खांदे बघितले, तेवढे पुरे होते.

तिला गुरुवार आठवला. हात वेळेवर दांडीवर गेला होता, तो गुरुवार. आणि ज्या दीपमालाचा गेला नाही, तिच्या पोरीचं काय झालं असेल हे तिला कोणी सांगायची गरज उरली नाही.

"मोने," समोरची बाई म्हणाली. "ये गं बाळा. मम्मी आली न्यायला."

आवाज दीपमालाचाच. पण असा मऊ, असा तळमळलेला. क्षणभर तिला वाटलं, उतरावं आणि हिला जवळ घ्यावं.

मागून पावलं वाजली. अनवाणी, छोटी. बाहेरून सत्यम ओरडत होता, "मोना, थांब, मोना!"

मोनिका रिक्षा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून पुढे आली. दीपमालाने हात टाकला, हाताला फ्रॉकची कड लागली आणि सुटली. रिक्षा भिंतीला इतकी खेटून होती की त्या बाजूने उतरणंच शक्य नव्हतं. पोरगी दोन हेडलाइटच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"मम्मी?" ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते तिलाही ठरवता येत नव्हतं.

"ये बाळा," समोरची म्हणाली. "ये माझ्या राजा."

मोनिकाने तिकडे एक पाऊल टाकलं.

दीपमालाच्याही ओठांवर तेच आलं होतं. ये बाळा, ये माझ्या राजा. हेच शब्द, हाच आवाज. ते तिने तसेच गिळले, कारण ते बोलून काही उपयोग नव्हता. त्या बोलण्यात पोरीला फरक कळायला जागाच नव्हती. समोरचीकडे मायेची कमी नव्हती, उलट जास्तच होती, इतकी की ती उतू जात होती.

मग तिची नजर पोरीच्या पायांकडे गेली.

"मोने," ती कडाडली, आणि सगळा दरवाजा दणाणला. "चपला कुठायत तुझ्या? काचा पडल्यात सगळीकडं, दिसत नाय का? आन ते तोंड बघ, बिस्किटानं बरबटलंय. सकाळी दूध नको म्हणून नाटकं करायची आन इथं पुडा संपवायचा, व्हय? केस विंचरून दिले होते ना मी? इकडं ये. इकडं ये म्हणते ना, का येऊ तिथं?"

मोनिकाचा खालचा ओठ पुढे आला. हा ओठ दीपमालाने रोज सकाळी पाहिला होता. पोरगी वळली, आणि चिडून, पाय आपटत, एक एक पाऊल बघून टाकत आईकडे आली. दीपमालाने तिला बखोटीला धरून वर ओढलं आणि मांडीवर घट्ट आवळून धरलं.

समोरचा हेडलाइट नुसता जळत होता. दीपमालाला तेव्हा कळलं की समोरची बाई तसं बोलूच शकली नसती. जिची पोर हातातून गेली, ती कशाला चपलेवरून बोलेल. पोर अनवाणी आली तरी तिच्या पायांना ओठ लावेल.

"तुझी गेली," दीपमाला तिला म्हणाली. आवाज फुटत होता, तो तिने फुटू दिला. "लई वाईट झालं. माझ्याबी जिवाला लागतंय. पण ही माझी हाय. ही तुला मिळायची नाय."

समोरून हॉर्न वाजला. दरवाज्याच्या कायद्याने आता मागे सरायचं होतं.

दीपमालाने गिअर टाकला आणि रिक्षा पुढे घातली.

दोन्ही हेडलाइट एकमेकांना भिडायला हातभर अंतर उरलं. समोरचा उजेड थरथरला. मग अगदी सावकाश, भिंतीवरून घसरत तो मागे जायला लागला. आधी खाकी खांदे अंधारात गेले, मग दप्तर गेलं. दीपमाला थांबली नाही. तो मागे, ही पुढे, असं वळण ओलांडलं, दुसरं वळण ओलांडलं. शेवटपर्यंत एक बाई रडत असल्याचा आवाज येत राहिला आणि तो आवाज आपला नाही, असं दीपमालाला स्वतःला बजावावं लागलं.

मग आतल्या कमानीत शहराचा उजेड आला. समोर कोणी नव्हतं. एक म्हातारा दुकानाची फळी काढत होता.

सत्यम धापा टाकत मागून आला. त्याच्या हातावर मोनिकाच्या दातांचे लाल वळ उमटले होते. त्याला काही दिसलं का, हे दीपमालाने विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, "दोन आवाज होते."

८

सोमवारी तिने पोरांना घेतलं आणि नेहमीच्या वाटेने आली. मोनिका डाव्या कडेला, आपल्या जागेवर. फकिराने टपरीतून हात वर केला. चहा ओततोय असं दाखवत तो कमानीकडेच बघत होता.

दीपमालाने हॉर्न दिला.

आतून उत्तर आलं. लांबून, खोलातून, पण आलं. ते रोज येणार होतं. समोरची एकदा मागे सरली म्हणजे कायमची सरली, असं मानण्याइतकी दीपमाला भोळी नव्हती. आपण तिच्या जागी असतो तर रोज आलो असतो, हेही तिला कळत होतं.

तिने गाडी मागे घेतली नाही. मागच्या दुचाकीवाल्याने "ताई, उत्तर आलं की" असं म्हटलं. "माझं हाय ते, मी बघते," ती म्हणाली आणि आत शिरली. कमानीची सावली अंगावर आली तशी तिने मान मागे वळवली आणि मोनिकावर तोंड सोडलं. सात नव्वे किती? कालपासून सांगतेय. नखं किती वाढलीत. बाटलीचं झाकण नीट लावलंस का? सगळं दप्तर ओलं करशील. मागची पोरं खुदखुदत होती, कबुतरं उडत होती, आणि दीपमालाचा आवाज दोन्ही वळणांवर आपटत पुढे जात होता.

पलीकडे उजेडात आल्यावर मोनिका फुरंगटून म्हणाली, "मम्मी, मी काय केलं नव्हतं. मग आत कशाला एवढं ओरडलीस?"

"तिला ऐकू जावं म्हणून," दीपमाला म्हणाली, आणि शाळेकडे रिक्षा वळवली.